शाळेच्या फोटोतील चेहरे आणि त्यांची नावे

आपल्या समाजाच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आपण नवगावच्या किनाऱ्यापासून सुरुवात करतो. फुटलेले जहाज, वाचलेली जोडपी, कुलाबा जिल्ह्यातील तेलाचे घाणे, शनिवारी काम न करणारे म्हणून पडलेले 'शनिवार तेली' हे नाव, हे सारे आपण मुलांना आवडीने सांगतो. परंतु घाण्यापासून कचेरीपर्यंत, रुग्णालयापर्यंत आणि न्यायालयापर्यंत आपण कसे पोचलो, याचा एक पुरावा आपल्याच घरात आहे, तिकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. तो पुरावा म्हणजे शाळेचा ग्रुप फोटो.

आपल्या समाजात शिक्षण आले ते प्रथम मिशनऱ्यांच्या शाळांतून. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले व डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले. त्यांच्या शाळांत आपली पुष्कळ मुले शिकली. तेथे इंग्रजी मिळाले व हिब्रूही मिळाले. मिशनऱ्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या लोकांनी विद्या घेतली आणि धर्म सोडला नाही. तरीही आपली स्वतःची शाळा असावी ही तळमळ समाजात होती, आणि कै. हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल निघाले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेला दीर्घकाळ साहाय्य केले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव मिळाले. आपल्यापैकी बहुतेक जुनी मंडळी तिला नुसते 'कदूरी' म्हणूनच ओळखतात.

या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून कै. रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० असे काम केले. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. ज्या काळी इतर अनेक समाजांत मुलींना शाळेत पाठवावे की नाही याचा वाद चालला होता, त्या काळी आपल्या मुली वर्गात बसत होत्या आणि आपल्यातीलच एक स्त्री शाळा चालवीत होती. ज्यांच्या घरी त्या वर्षांतील फोटो असेल त्यांनी तो काढून पाहावा. मुलींच्या वेण्या, मुलांच्या टोप्या, खुर्चीवर बसलेले शिक्षक, आणि पुढे जमिनीवर बसलेल्या मुलाच्या हातातील पाटीवर खडूने लिहिलेली इयत्ता व साल. एवढ्याशा चौकटीत दोन पिढ्यांची वाटचाल दिसते.

मुंबईच्या चाळीत या फोटोला मानाची जागा असे. भिंतीवर एलियाहू हन्नबीची तसबीर, तिच्या आसपास लग्नाचा फोटो, आणि त्यांच्याच रांगेत मुलाचा शाळेचा फोटो. पाहुणे आले की आई बोट ठेवून दाखवी, 'हा दुसऱ्या रांगेतला आमचा.' फोटो स्टुडिओवाला जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देई आणि त्या पुठ्ठ्यावर शाळेचे नाव, इयत्ता, साल आणि कधीकधी रांगेप्रमाणे नावेही छापलेली असत.

पुढे १९४८ नंतर आलियाचा ओघ सुरू झाला. त्या सुमारास भारतात आपण सुमारे २० हजार होतो. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुतेक इस्राएलात आले आणि बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी राहिले. सामानात काचेच्या चौकटी आणणे कठीण होते. कित्येक कुटुंबांनी चौकट मोडली, पुठ्ठा कापला आणि नुसता फोटो पुस्तकात ठेवून आणला. चेहरे आले, पण पुठ्ठ्यावरची नावे, साल आणि शाळा मुंबईतच राहिली.

आमच्या मते खरी हानी येथे आहे. आपल्या नावांची रीत पाहा. शाळेच्या पटावर पुष्कळदा गावाचे आडनाव न लिहिता मुलाचे, बापाचे आणि आज्याचे नाव लिहीत. त्यामुळे 'मोझेस डेव्हिड' किंवा 'एस. बेंजामिन' असे एका वर्गात दोघे-तिघे असू शकत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर असे गावाचे नाव जोडले तरच कोणता मोझेस ते कळते. आणखी मागे गेलो तर घरी सामाजी तो पटावर सॅम्युअल, इसाजी तो आयझॅक. इस्राएलात आल्यावर काहींनी आडनावेच बदलली. आता नातवाला आपले आजचे आडनाव जुन्या यादीत सापडणार कसे?

दुसरी अडचण दिशेची आहे. मुंबईच्या फोटोखालील नावे डावीकडून उजवीकडे वाचायची. तीच यादी हिब्रूत उतरवली की ती उजवीकडून वाचली जाते. दिशा न लिहिता यादी केली तर एका टोकाचे नाव दुसऱ्या टोकाच्या चेहऱ्याला चिकटते. म्हणून यादीच्या वर दिशा अवश्य लिहावी.

आता जपणुकीविषयी थोडेसे. मूळ फोटो भिंतीवर न लावता त्याची प्रत लावावी. नेगेवच्या उन्हात समोरच्या खिडकीचा प्रकाश फोटो फिका करतो. लावायचाच झाला तर फोटो व काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड ठेवावी, नाहीतर ओल लागून तो काचेला चिकटतो. १९७०-८० च्या काळातील चिकट पानांचे अल्बम दिसायला छान, परंतु त्यांचा गोंद पिवळा पडून फोटो खातो. त्यातून फोटो ओढून न काढता दात साफ करण्याचा धागा मागून हलक्या हाताने फिरवावा. इस्राएलात शिकलेल्या मुलांचे त्या वर्षांतील रंगीत फोटो तर जुन्या काळ्या-पांढऱ्यांच्या आधी बिघडतात, तांबूस होतात. त्यांच्या प्रती लवकर काढाव्यात. सर्व फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या, थंड कपाटात ठेवावेत. मागे नावे लिहावयाची ती मऊ पेन्सिलीने, फोटो उपडा ठेवून व जोर न देता. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

कै. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला आणि तो तेल अवीवला छापला गेला १९३७ साली. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखित टिकले म्हणून आज आपल्याला तो वाचता येतो. फोटोही चाळीस वर्षे टिकेल, पण फोटोतील माणसांची नावे सांगणारी माणसे टिकणार नाहीत. माझगावच्या त्या शाळेत आज इतर समाजांची मुले शिकतात, आपली जवळजवळ नाहीत. तेथील वर्गात बसलेली आपली मंडळी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा वाचकांना आमची विनंती आहे. येत्या शब्बाथनंतर, मोत्सए शब्बाथच्या चहाला घरातील वडीलधाऱ्यांसमोर तो फोटो ठेवा. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा: नाव काय, बापाचे नाव काय, गाव कोणते, आता कोठे असतात. ऐकाल तसे मराठीत लिहून घ्या आणि खाली हिब्रूतही लिहा, म्हणजे नातवंडांना वाचता येईल. ज्यांचे नाव आठवत नाही त्यांच्या जागी रेघ ओढून ठेवा आणि तो फोटो दुसऱ्या वर्गमित्राच्या घरी न्या. राहिलेली नावे तेथे मिळण्याचा संभव आहे.