रोलां

रोलां : (मृत्यू १५ ऑगस्ट ७७८). फ्रँक राजा शार्लमेन याचा ब्रिटनीच्या सरहद्दीवरील अधिकारी आणि मध्ययुगीन यूरोपच्या वीरकाव्यांचा एक प्रमुख नायक. इतिहासाला त्याच्याविषयी जेमतेम एक वाक्य ठाऊक आहे. काव्याने त्याच्या मरणावर चार हजार ओळी रचल्या. मध्ययुगाच्या आरंभीचे दंतकथांतील वीर खरोखर होऊन गेले का, हा प्रश्न विचारण्यासाठी रोलांइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. कारण त्याच्या बाबतीत मूळ घटना आणि तिच्यावर चढलेली कथा या दोन्ही पारखून पाहता येतात.

घटना अशी : ७७७ मध्ये बार्सेलोनाचा मुस्लिम अधिपती सुलेमान इब्न अल-अरबी हा पाडरबोर्न येथे शार्लमेनकडे आला. कोर्दोव्याचा अमीर पहिला अब्दुर रहमान याच्याविरुद्ध त्याला मदत हवी होती. पुढच्याच वर्षी शार्लमेन दोन फौजांनिशी पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरला. मात्र तेथील सारागोसा नगराने वेशी उघडल्या नाहीत. अखेर ओलीस घेऊन आणि खुद्द सुलेमानलाच कैद करून राजा माघारी फिरला. वाटेत त्याने बास्क लोकांच्या पाम्प्लोना नगराचा तट पाडला. पर्वत उतरताना लांबलेल्या फौजेच्या पिछाडीवर आणि सामानसुमानावर बास्कांनी छापा घातला, पिछाडीची माणसे कापून काढली, लूट घेतली आणि अंधार पडताच ते पांगले. धर्मयुद्धाचा येथे मागमूस नाही. एका मुस्लिम सरदाराच्या बोलावण्यावरून ख्रिस्ती राजा स्वारीवर गेला आणि ज्यांचा तट त्याने पाडला होता त्यांनी परतीच्या वाटेवर त्याला गाठले.

दरबारी लेखकांनी हा पराभव सहजासहजी कबूल केला नाही. फ्रँक राजवटीच्या अधिकृत वार्षिक इतिवृत्तात या छाप्याचा उल्लेखच नाही. इतिवृत्ताची सुधारित आवृत्ती तयार झाली तेव्हा राजवाड्यातील अनेक अधिकारी मारले गेल्याचे नमूद झाले, पण नावांशिवाय. नावे प्रथम दिली ती आइनहार्टने, शार्लमेनच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात. राजाच्या भोजनव्यवस्थेचा प्रमुख एग्गिहार्ड, राजवाड्याचा काउंट आन्सेल्म आणि ब्रिटनी सरहद्दीचा अधिकारी ह्रुओदलांद हे इतर अनेकांसह पडले, असे तो सांगतो. हा ह्रुओदलांद म्हणजेच रोलां. लढाईचा नेमका दिवस एग्गिहार्डच्या लॅटिन मृत्युलेखामुळे कळतो. सुमारे ८४० मध्ये शार्लमेनचा मुलगा लुई द पायस याचे चरित्र लिहिणाऱ्या अनामिक लेखकाने तर मृतांची नावे सर्वांना ठाऊकच आहेत, म्हणून ती देत नाही, असे म्हटले आहे. साठ वर्षांनंतरही लोक ती नावे विसरले नव्हते, ही गोष्ट फार मोलाची आहे. ज्या पराभवावर दरबाराने पडदा टाकला, तो लोकांनी तोंडोतोंडी जपला.

आइनहार्टच्या ग्रंथाच्या काही हस्तलिखितांत रोलांचे नाव नाही, बाकीची दोन आहेत. त्यामुळे रोलां मागाहून घुसडला गेला, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली. ती तपासण्याजोगी आहे, पण पटण्याजोगी नाही. कथा रंगात आल्यावर कोणी हे नाव घातले असते, तर काव्यात आहे तसे राजाचा भाचा असे म्हटल्यावाचून तो राहिला नसता; येथे तर केवळ एक कोरडे पदनाम आहे. शिवाय ते पद काल्पनिक नव्हते : ७९९ मध्ये ब्रिटनी सरहद्दीचा अधिकारी म्हणून गी नावाच्या काउंटची नोंद आहे. एका बाजूला शार्लमेनचे आणि दुसऱ्या बाजूला रोलांचे नाव असलेली काही चांदीची नाणीही सापडली आहेत. मात्र ते नाव टांकसाळीच्या एखाद्या अधिकाऱ्याचेही असू शकते, म्हणून या पुराव्यावर फार भार देऊ नये.

लढाईची जागा आइनहार्ट सांगत नाही. रोन्सव्हो खिंडीचे नाव प्रथम आढळते ते स्पेनमधील सान मियान मठाच्या एका हस्तलिखितातील लॅटिन टिपणात. ११व्या शतकाच्या उत्तरार्धातले हे टिपण दामासो आलोन्सो याने २०व्या शतकाच्या मध्यास प्रकाशात आणले. तोवर कथा बरीच पुढे गेलेली दिसते : शार्लमेनचे बारा आप्त, पुढे काव्यात रोलांचा मित्र होणारा ऑलिव्हर, बिशप तुर्पँ हे सारे त्यात आहेत आणि रोलांला मारणारे आता बास्क नसून सारासेन, म्हणजे मुस्लिम, आहेत. कथा गावोगाव पसरली होती याची आणखी एक खूण म्हणजे ११व्या शतकातील फ्रेंच दस्तऐवजांत सख्ख्या भावांची नावे ऑलिव्हर आणि रोलां अशी आढळू लागतात.

‘शांसाँ द रोलां’ हे काव्य सुमारे ११०० मध्ये आजच्या रूपात आले. त्याचे सर्वांत जुने हस्तलिखित ऑक्सफर्डला असून फ्रांसिस्क मिशेल याने ते १८३७ मध्ये प्रथम छापले. काव्यात ७७८ सालचा तिशीतला राजा दोनशे वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा सम्राट होतो. प्रत्यक्षात सम्राटपद त्याला ८०० मध्ये मिळाले. रोलां त्याचा भाचा होतो. सावत्र बाप गानलाँ फितूर होऊन त्याला शत्रूच्या तोंडी देतो. मदतीसाठी रणशिंग फुंकायचे की नाही यावरून रोलां आणि त्याचा मित्र ऑलिव्हर यांच्यात जो वाद होतो, तो या काव्याचा प्राण आहे. इतिहासात त्याला तिळमात्र आधार नाही आणि ऑलिव्हर नावाच्या माणसालाही नाही. तुर्पँला आहे : रँसचा आर्चबिशप तिलपँ हा शार्लमेनचा समकालीन होता, पण काव्यात रोन्सव्होला धारातीर्थी पडणारा हा धर्मगुरू प्रत्यक्षात त्यानंतर कित्येक वर्षे जगला. आइनहार्ट स्पष्ट लिहितो की, या छाप्याचा सूड लगेच घेता आला नाही. काव्यात मात्र सूर्य आकाशात थांबतो, सूड पुरा होतो आणि सारागोसा पडते. सारागोसा खरोखर ख्रिस्ती राजाच्या हाती आली ती १११८ मध्ये. पहिली क्रूसेड ज्या पिढीने पाहिली तिने आपले युद्ध तीनशे वर्षे मागे नेऊन रोलांच्या हाती दिले.

मधल्या तीन शतकांत काय घडले यावर विद्वानांत मोठा वाद झाला. जोसेफ बेदिए याच्या मते तीर्थयात्रेच्या मार्गावरील मठांनी आणि गायकांनी ही कथा फुलवली व काव्य एका प्रतिभावान कवीचे आहे. रामोन मेनेन्देस पिदाल याने लढाईपासून अखंड चालत आलेली गानपरंपरा मानली. सान मियानचे टिपण आणि लुईच्या चरित्रकाराचा शेरा पाहता मेनेन्देस पिदालचे पारडे जड वाटते. मात्र हाती आलेल्या काव्याची बांधणी पाहता बेदिएचा कवीही नाकारता येत नाही.

इतर वीरांच्या बाबतीत पुरावा कमीजास्त आहे. ब्रिटनच्या आर्थरचे नाव ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या ९व्या शतकातील ग्रंथात, त्याच्या मानलेल्या काळानंतर तीनशे वर्षांनी येते. ज्याने तो काळ जवळून पाहिला तो गिल्डस त्याचे नावही घेत नाही. जर्मन कथांतील डीट्रिख हा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक होय. पण कथेत तो अटिलाच्या आश्रयास राहतो आणि अटिला तर ४५३ मध्येच, थिओडोरिकच्या जन्माच्या सुमारास, मेला होता. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातील ह्यूगेलाक राजाची स्वारी तूरच्या ग्रेगरीने नोंदवली आहे, खुद्द बेवुल्फला असा एकही साक्षीदार नाही.

रोलांची कीर्ती पुढे दूरवर गेली. इटलीत आरिओस्तोने त्याला ‘ओर्लांदो फुरिओसो’चा (१५१६) नायक केले. जर्मन नगरांनी आपल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून त्याचे पुतळे उभारले; ब्रेमेनचा १४०४ मधील दगडी पुतळा २००४ पासून जागतिक वारसा आहे. केरळातील लॅटिन ख्रिस्ती समाजाच्या ‘चविट्टुनाटकम’ या नाट्यप्रकारात शार्लमेन आणि त्याच्या वीरांची कथा आजही सादर होते.

या सर्व कीर्तीत बास्कांची जागा पुसली गेली. १३व्या शतकातील अरब इतिहासकार इब्न अल-अथीर वेगळीच हकीकत देतो : सुलेमानच्या मुलांनी फ्रँक फौजेवर हल्ला करून बापाला सोडवले. त्या छाप्यात मुस्लिमही असावेत, असे त्यावरून काही अभ्यासक मानतात, आणि ते अशक्य नाही. पण बास्कांच्या बाजूने लिहिलेला एकही समकालीन वृत्तान्त उपलब्ध नाही. आइनहार्टने मेलेल्या तीन फ्रँक अधिकाऱ्यांची नावे दिली. मारणाऱ्यांपैकी एकाचेही दिले नाही.