क्षितिजापलीकडची भूमि

देहूजवळचा भंडारा डोंगर हें तुकोबांचें चिंतनस्थान. तेथून पाहिलें असतां खालीं इंद्रायणीचें खोरें आणि पलीकडे चिंचवड-चाकणच्या कारखान्यांचा पसारा दिसतो. त्याहून दूरचे डोंगर मात्र धूसर होत होत आकाशांत मिसळून जातात. तेथें भूमि संपली असें कोणीहि म्हणत नाहीं. ही न संपणारी भूमि चित्रांत आणावी कशी, हा प्रश्न जुनाच आहे.

आपल्याकडे तो नाटकमंडळ्यांनाहि पडला. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पडदा म्हटला कीं त्यास कांठ आलाच. तो झांकावयास झाडें व खांब, आणि दूरत्व भासवावयास फिका निळसर रंग, ही पडदे रंगविणारांची युक्ति. बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेल्या दामले-फत्तेलाल यांनींच पुढें १९३६ सालीं 'प्रभात'चा 'संत तुकाराम' पडद्यावर आणला.

संगणकानें कांठच नाहींसा केला. १९८० सालीं लोरेन कार्पेंटर यांनीं मँडेलब्रॉटच्या गणिताच्या आधारें डोंगर उभे करून दाखविले. १९९४ सालच्या 'ब्राइस'मध्यें तर भूमि, जल व आकाश यांचे अमर्याद पट एकेक कळ दाबतांच पसरूं लागले. वाचकांस वाटेल, एवढी भूमि साठविली कोठें? ती साठविलेली नसतेच! चित्राच्या प्रत्येक ठिपक्यांतून डोळ्यापासून एक रेषा सोडावयाची, आणि ती भूमीस कोठें भेटते एवढेंच मोजावयाचें. डोळा दोन मीटर उंच असेल आणि रेषा शंभरांत एक उतरत असेल, तर भेट २०० मीटरांवर. दहा हजारांत एक उतरली, तर २० किलोमीटरांवर. अगदीं सपाट गेलेली रेषा कधींच भेटत नाहीं, तेंच क्षितिज. आपल्या गोल पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून समुद्राकडे पाहिलें, तर नजर अवघी पांचएक किलोमीटर पोंचते. म्हणजे पृथ्वीपेक्षां गणितच अधिक उदार!

पण या औदार्यानेंच घात होतो. दूरच्या असंख्य लाटा एकाच ठिपक्यांत दाटतात, आणि चित्र चालूं लागलें कीं क्षितिजाशीं नुसता लुकलुकाट माजतो. शिवाय सारें सारखेंच स्वच्छ, म्हणून तें दूर वाटत नाहीं. तेव्हां गणितज्ञांनाहि कोल्हापूरच्या रंगाऱ्यांचीच वाट धरावी लागली: अंतराबरोबर धुकें वाढवीत नेऊन भूमि आकाशांत विरघळविणें.

पावसाची एक जोरदार सर येऊन गेल्यावर भंडाऱ्यावर उभें राहावें. हवा धुतलेली असते, आणि एरवीं कोसभर लांब वाटणारा डोंगर अगदीं हातावर आलेला दिसतो.