सीमेवरचं बाळंतपण : महामारीत काय पुढे ढकलता येतं, काय नाही

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा होईपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. कागदावर मध्य प्रदेश, पण सोयरीक सावनेर, काटोल, नरखेड, वरुडकडची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज इथे आहेच. केस अवघड झाली की अनेकांची गाडी नागपूरच्या मेडिकलकडे किंवा डागा दवाखान्याकडे वळते. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, प्रवासी रेल्वे आणि एसटी बंद झाल्या, राज्याच्या सीमेवर नाके लागले. नववा महिना मात्र कुणासाठी थांबत नाही.

नियम काय होता?

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गर्भवती, बाळंतीण आणि नवजात बाळाची सेवा अत्यावश्यक ठरवली. दवाखान्याच्या कामासाठी खाजगी गाडीलाही सूट होती. कोरोना तपासणी झाली नाही म्हणून प्रसूती अडवू नये, असं आयसीएमआरने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे नियमाने दार उघडं होतं. अडचण होती ती भीतीची, गाडीची आणि माहितीची.

काय बदलता येतं?

गर्दी टाळण्यासाठी तपासणीला वेळ ठरवून थोड्या थोड्या बायांना बोलावता येतं. साधी विचारपूस आशाताई फोनवर करू शकतात. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो. सोबतीला एकच बाई, बाळ पाहायला पाहुण्यांची रीघ नको, बारसं नंतर.

काय बदलू नये?

बीपी, रक्त आणि लघवीची तपासणी फोनवर होत नाही. किमान ४ तपासण्या व्हायलाच पाहिजेत. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, रक्त जाणं, पाणी जाणं, ताप किंवा पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर महामारी असो की नसो, लगेच दवाखाना. १०८ वर फोन करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषध, जेवण, नेणं-आणणं मोफत आहे.

आई पॉझिटिव्ह असेल तर?

सुरुवातीला बाळाला वेगळं ठेवायची भीती सगळीकडेच होती. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र सरळ आहे: हात धुऊन, मास्क लावून आईने अंगावर पाजावं, बाळ जवळच ठेवावं. कमी वजनाच्या बाळाला तर आईच्या छातीशी ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, हाच मोठा आधार. दूर ठेवल्याने बाळाचं नुकसान जास्त. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये, तर गर्भवतींना २ जुलै २०२१ ला लसीची परवानगी मिळाली.

घरी आल्यावर

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या ६ भेटी ठरलेल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. संसर्गाच्या काळात ताई दारातून, अंतर ठेवून बोलल्या तरी चालेल, पण बाळाचं वजन आणि श्वास पाहणं राहू नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा तापलेलं असेल, श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असेल, तर रात्र काढू नये. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ-बीची लस सुट्टीआधीच द्यावी.

सीमेवरच्या घरांसाठी

नियम दोन्हीकडे सारखे नाहीत. जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण बाईला १,४०० रुपये आहेत. महाराष्ट्रात ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना. म्हणून बाळंतपण सासरी की माहेरी, हे सातव्या महिन्यातच ठरवून दोन्ही गावच्या आशाताईंना सांगावं. जच्चा-बच्चा कार्ड, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत तयार असावं. एका गाडीवाल्याचा नंबर घरात सगळ्यांना माहीत असावा. नाका पुन्हा लागला, तर घाईत हीच पिशवी आणि हाच नंबर कामी येतो.