बनगावचे तोटीचे पिंप



जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले मूल घेऊन आपण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात धावता, तेव्हा डॉक्टर प्रथम मुलाचे डोळे खोल गेले आहेत काय ते पाहतात. पाणी दिले तर ते हपापून पिते की नाही, हे पाहतात. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडतात. मूल ग्लानीत असेल आणि कातडी परत बसायला दोन सेकंदांहून अधिक लागत असतील, तर ताबडतोब सलाईन. शुद्धीवर असून पीत असेल, तर बहुधा वाटी-चमचा पुरतो. वाटी-चमच्यावरचा हा विश्वास फार जुना नाही.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सरहद्दीजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात रोगी जमिनीवर पडून होते. डॉ. दिलीप महालनोबिस आणि त्यांचे सहकारी घाणीत गुडघे टेकून सलाईन लावीत. तेही संपत आले.

पटकीतदेखील आतडे ग्लुकोजबरोबर मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणी जाते, याचा उपयोग ढाक्क्यातील संशोधकांनी १९६८ साली रोग्यांवर सिद्ध केला होता. परंतु असा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा, अशी समजूत होती. बनगावात तज्ज्ञ आणायचे कोठून? एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा प्रमाणात कलकत्त्यास पुड्या भरल्या गेल्या. द्रावण तोटीच्या पिंपांत ठेवले. आया-बहिणी पेले भरून नेत आणि पाजीत. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. माझ्या मते खरे धाडस होते ते उपचार घरच्यांच्या हाती सोपवण्याचे.

पुढे १९८० पासून बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या सेविका दारोदार फिरून आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवू लागल्या. आईच्या ध्यानात किती राहिले, यावर सेविकेचा मोबदला ठरे! शिक्षकांनीही विचार करावा अशी ही रीत.

आज पुडीतील मीठ व साखर पूर्वीपेक्षा कमी असते आणि जोडीला जस्ताच्या गोळ्या देतात. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. शौचात रक्त दिसले, लघवी थांबली किंवा मूल पेंगुळले, तर लगेच रुग्णालय गाठावे आणि गिळता येत असेल तर वाटेतही पाजत राहावे.