पहिले भिंग

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर चार दिवस ओझरला राहण्याचा योग आला. विघ्नेश्वराचे दर्शन झाले, कुकडीच्या पाण्याकडे पाहत घटकाभर बसणे झाले, आणि संध्याकाळी घरी आलो तो पुतण्या ओट्यावर वाटच पाहत होता. त्याने पुण्याहून एक जुना डिजिटल एस. एल. आर. कॅमेरा आणला होता. निकॉनचा, पण नुसताच देह. पुढचे भिंग, म्हणजे ही पोरे ज्याला लेन्स म्हणतात ते, त्याबरोबर नव्हते. टोमॅटोला त्या हंगामात बरा भाव मिळाला होता, आणि त्यातून बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच लेन्स येणार होती. नारायणगावच्या दोस्ताने सांगितले होते, ‘१८–५५ घे, सगळे काम होईल.’ पुण्याच्या दुकानदाराने सांगितले होते, ‘पन्नासची घे, लग्नात माणसे उठून दिसतील.’ पोराला आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा करायचा होता, आणि मनातून लेण्याद्रीची लेणीही टिपायची होती.

“काका, तुम्ही एवढी पुस्तके वाचता. पहिली कोणती घेऊ ते सांगा ना.”

कॅमेऱ्याचे बटण दाबण्यापलीकडे माझी त्या शास्त्रात गती नाही. परंतु प्रश्न ऐकला आणि ध्यानात आले की, हा प्रश्न त्या पोराचा एकट्याचा नव्हे. छायाचित्रणाची कला जन्मली त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो उपस्थित झाला होता, आणि आमच्या मुंबई इलाख्याने त्याला दिलेले एक उत्तर अजून ग्रंथालयांतून पाहावयास मिळते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जगापुढे मांडली गेली. त्याच्या पेटीला शेव्हालिए नावाच्या कारागिराचे भिंग होते. चित्र कडेपर्यंत स्वच्छ यावे म्हणून भिंगापुढचे छिद्र अगदी बारीक ठेवावे लागे; आजच्या भाषेत एफ/१६ च्या आसपास. बारीक छिद्रातून उजेड थोडाच आत जाणार! घरे, पूल, देवळे निमूटपणे उभी राहत, म्हणून त्यांची चित्रे उत्तम येत. माणसाला मात्र उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसणे प्राप्त होते.

१८४० साली व्हिएन्नाच्या पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने ही अडचण कागदावर आकडेमोड करून सोडवली. आकडेमोड इतकी अवाढव्य होती की, तोफखान्यातले गणित जाणणारे शिपाई त्याच्या मदतीला देण्यात आले. फॉइग्टलेंडर या कारखानदाराने बनवलेल्या त्या भिंगाचे छिद्र एफ/३.६ होते. या आकड्यांची रीत थोडी उलटी आहे. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि उजेड आकड्याच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. सोळाला ३.६ ने भागून वर्ग करावा म्हणजे कळेल, की या भिंगातून जवळजवळ वीसपट उजेड आत येऊ लागला. माणसाचा चेहरा टिपणे आता व्यवहारात शक्य झाले. पण या लाभाची किंमत होती. चित्र मध्यभागी तेवढे स्पष्ट येई आणि कडेला विरघळत जाई. चेहऱ्याला ते चालते, देवळाला चालत नाही.

तेव्हापासून छायाचित्रकाराच्या पेटीत दोन भिंगे आली: एक देखाव्याचे, एक चेहऱ्याचे. ज्याला एकच परवडे त्याला ठरवावे लागे की, आपण जागा पाहणार की माणूस पाहणार. पुतण्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा होता काय?

आता मुंबईकडे वळू. १८५४ साली तेथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तीत होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला, आणि त्यातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे युरोपात ही कला पंधरा-सोळा वर्षांची होते न होते तोच आमची माणसे ती शिकून पोट भरू लागली होती.

याच संस्थेच्या मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. १८६३ आणि १८६६ साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे त्यात आहेत. ती पाहताना प्रथम कौतुक वाटते, आणि मग काहीतरी खटकू लागते. माणसे आहेत, मागे देऊळ, रस्ता किंवा झाडी आहे. परंतु ती माणसे त्या जागी उभी आहेत असे वाटत नाही. वाटणार तरी कसे? ती तेथे कधी उभी नव्हतीच. माणसे स्टुडिओत टिपलेली, देखावे बाहेर निराळे टिपलेले, आणि मागाहून दोहोंचा सांधा जोडून एकच चित्र छापलेले.

असे का केले असेल? ओल्या काचेच्या त्या काळात काच रसायनात बुडवून, ओली असतानाच चित्र घेऊन, वाळण्याच्या आत ती धुवावी लागे. भररस्त्यात हा सारा संसार मांडून दहा माणसांना हलू नका म्हणून सांगणे सोपे नव्हते. त्यात चेहऱ्याला एक भिंग आणि देखाव्याला दुसरे. कारण समजते, पण परिणाम राहतोच. ज्या ग्रंथाने आमच्या लोकांची ओळख जगाला करून द्यावयाची, त्यात माणूस आणि त्याचे गाव यांची ताटातूट झाली.

दुसरीकडे मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याची भित्तिचित्रे रंगांत उतरवून काढण्यात या चित्रकाराने आयुष्य घातले. त्याच्या नकलांपैकी बऱ्याच लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या असताना १८६६ च्या आगीत जळाल्या. मध्यंतरी त्याने कॅमेराही हाती धरला होता. लेण्यांची त्याची ७४ छायाचित्रे १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह ग्रंथरूपाने आली. रंगांतले बरेचसे गेले आणि काचेवरचे छापून उरले, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पण तेथेही खांब, कमानी आणि मूर्ती यांचेच राज्य आहे.

असो. ही दोन भिंगांची फारकत हळूहळू मिटत गेली. १८६६ साली जर्मनीत स्टाइनहाइल आणि इंग्लंडात डालमायर या दोघांनी जवळपास एकाच वेळी असे भिंग काढले, की ज्याने सरळ रेषा सरळ राहिल्या आणि उजेडही बऱ्यापैकी मिळाला. १९०२ साली झाइसचे टेसार आले. १९२५ साली लायका हा मुठीत मावणारा कॅमेरा विक्रीस आला, त्याला ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग होते. त्याच्या फिल्मवरचे चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचे, आणि त्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३. नाभीय अंतर या कर्णाच्या आसपास असले, की चित्र ना फार पसरट दिसते ना फार जवळ ओढलेले. डोळ्याला ते ओळखीचे वाटते. माणूस आणि त्याची जागा एकाच चौकटीत नांदू लागली ती अशी.

आमच्याकडे मात्र निवड करण्याची चैन थोड्यांनाच लाभली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि तो येताच अंकुराची वाढ एकेक चित्र टिपून दाखवली. चित्रपटाच्या भांडवलासाठी त्यांना विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली. आमच्या लहानपणी घरोघर जो पाहिला तो बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक–३. त्याचे भिंग पेटीलाच चिकटलेले, बदलण्याचा प्रश्नच नाही. आणि ज्यांच्या घरी तोही नव्हता, ते स्टुडिओत जात.

आमच्या वडिलांचा एकच फोटो घरात आहे. नवा कोट, मांडीवर हात, नजर समोर. आणि मागे रंगवलेल्या पडद्यावर राजवाडा, कारंजे आणि हंस. जन्मभर जो मनुष्य कुकडीच्या काठच्या काळ्या मातीत राबला, त्याचे एकुलते एक चित्र कोणा अज्ञात संस्थानिकाच्या बागेत आहे. जॉन्सनच्या ग्रंथातली माणसे पाहताना मला खटकले ते का, हे त्या फोटोकडे पाहिल्यावर उमगले.

तेव्हा पुतण्यासमोर वही उघडून मी हिशोब मांडला. लेण्याद्रीला गणपती ज्या लेण्यात आहे त्याचा मंडप सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद आणि ११ फूट उंच असून मध्ये एकही खांब नाही. त्याच्या कॅमेऱ्यातील चित्र टिपणारी चकती फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, रुंदीला साडेतेवीस मिलिमीटर. मंडपाच्या एका टोकाशी उभे राहून पन्नासच्या लेन्सने पाहिले, तर समोरच्या भिंतीचा सुमारे २७ फूट भाग दिसेल. म्हणजे निम्मा मंडप बाहेर राहिला. अठरावर पाहिले तर ७४ फूट दिसेल; सगळा मंडप आत येऊन वर जागा उरली. लेण्यासाठी दोस्त म्हणतो ते खरे.

पण लग्ने मंडपातल्या दिव्यांत लागतात, आणि हळदी माजघरात. १८–५५ ची लेन्स पंचावन्नावर गेली की तिचे छिद्र एफ/५.६ पर्यंत आक्रसते. पन्नासच्या लेन्सचे एफ/१.८. वर्गाच्या हिशोबाने दहापटीच्या जवळ उजेड! पेट्झव्हालचीच गोष्ट पुन्हा घडते आहे. चेहऱ्यासाठी दुकानदार म्हणतो तेही खरे. मात्र चकती लहान असल्यामुळे जुन्या कॅमेऱ्यावरची घरगुती पन्नास या कॅमेऱ्यावर पंचाहत्तरीसारखी वागते. माणसाला जवळ ओढते आणि त्याचे घर बाहेर ठेवते.

“मग तिसरी कोणती?” त्याने विचारले.

तिसरी होती. निकॉनने २००९ साली याच लहान चकतीसाठी ३५ ची एक साधी लेन्स काढली, छिद्र एफ/१.८. पस्तिसाची दीडपट साडेबावन्न, म्हणजे लायकाच्या पन्नासचीच दृष्टी. त्याच जागी १८–५५ पेक्षा उजेड सुमारे सहापट. लेण्याद्रीच्या मंडपात ती ३८ फूट दाखवील. सगळे नाही, पण निम्म्याहून बरेच. एक सावधगिरी मात्र दुकानातच बाळगावी. निकॉनच्या स्वस्त देहांत लेन्स फिरवणारी मोटर नसते. जुन्या धर्तीची लेन्स त्यावर बसते, पण आपोआप नेम धरत नाही. मोटर लेन्सच्या आत आहे ना, हे विचारून घ्यावे. शिवाय मोठ्या कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे, त्यामुळे या लेन्स जुन्या बाजारात कमी पैशांत मिळतात. काचेवर बुरशी नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहिले म्हणजे झाले.

“आणि लेणी?”

याचे उत्तर मी दिले नाही. माझ्या थोरल्या भावाने दिले. तो इतका वेळ पान लावीत स्वस्थ ऐकत होता. “तुझ्या त्या नारायणगावच्या दोस्ताकडे हीच कंपनी हाय ना? मग लेण्याला त्याची माग, लगनाला तुझी दे. आम्ही एका बैलावर सावड करून नांगरट केली, तुम्हाला एवढं जमत न्हाय?”

मला हसू आले, पण बोलणे शास्त्रशुद्ध होते. ओझरहून जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरल्या आहेत. एवढ्या रुंदीचा एकच डोळा कोणी बांधू शकत नाही; म्हणून तिसांनी आपापले पाहून एकत्र करायचे. तीही सावडच.

पुतण्याने पस्तिसाची घेतली. पहिला फोटो त्याने माझ्या आईचा काढला. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. सकाळी ती उंबऱ्याशी बसून लसूण सोलते, तशीच बसली आहे. दारातून येणाऱ्या उजेडात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या स्वच्छ, आणि मागे माजघरातली उतरंड, देवघराचा कोनाडा, खुंटीवरचे वडिलांचे उपरणे किंचित अंधुक. परंतु ओळखू येतात.

तो फोटो आता वडिलांच्या फोटोशेजारी लावला आहे. शेजारी पडद्यावरचे हंस अजून पोहत आहेत. मला त्यांचा आता राग येत नाही. त्या वेळी जे भिंग मिळाले त्याने ते टिपले. पण यापुढे आमच्या घरातले माणूस त्याच्या घरासकट दिसेल, एवढे त्या पोराच्या पहिल्या खरेदीने साधले.