मुंबई सोडून कर्जत, आसनगाव, पालघरकडे घर बघताय? आधी गाडी, पाणी आणि कागद तपासा

मुंबईतली भाड्याची खोली सोडायची आणि लांबच्या स्टेशनाजवळ स्वतःचं घर घ्यायचं, हा विषय आज अनेक घरांत सुरू आहे. लालबाग-परळच्या चाळीतली माणसं आधी डोंबिवली, कल्याण, विरारला गेली. तिथले दर वाढले तसं बदलापूर, टिटवाळा झालं. आता वांगणी, नेरळ, कर्जत, वासिंद, आसनगाव, सफाळे, पालघर, बोईसरपर्यंत इमारती आल्या आहेत. मुलाच्या घरासाठी गावाकडची जमीन किंवा दागिने मोडणारे आईवडीलही कमी नाहीत.

पण स्टेशनाबाहेरच्या फलकावर जो दर लिहिलेला असतो तो घराचा पूर्ण खर्च नसतो. रोजच्या प्रवासाचे तास, मे महिन्यातला टँकर आणि अर्धवट कागद यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. तो मागाहून कळतो, आणि तोवर पैसे अडकलेले असतात.

कुठली लाईन, किती लांब

मध्य रेल्वेची लाईन कल्याणला फुटते. एक फाटा बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत करत खोपोलीला जातो. दुसरा टिटवाळा, वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याला. सीएसएमटीपासूनची अंतरं साधारण अशी:

- कल्याण ५४ किमी, बदलापूर ६८, वांगणी ७९, नेरळ ८७, कर्जत १००, खोपोली ११५
- टिटवाळा ६४, वासिंद ८०, आसनगाव ८६, कसारा १२१

पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून विरार ६० किमी, सफाळे ७७, पालघर ९१, बोईसर १०३ आणि डहाणू रोड १२४. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली.

गाव निवडताना आधी कामाचं ठिकाण बघा. अंधेरी-बोरिवलीत नोकरी असेल तर कर्जत किंवा कसारा लाईनवरून रोज गाडी बदलावी लागते. त्याला पालघरची बाजू बरी. ठाणे, मुलुंड, घाटकोपरला काम असेल तर मध्य रेल्वे. भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत काम करणाऱ्याला वासिंद, आसनगाव सोयीचं, कारण नाशिक महामार्ग जवळ आहे. बोईसरला तारापूर एमआयडीसी असल्याने तिथे राहून तिथेच काम करणारेही पुष्कळ आहेत. मात्र कारखान्यांचा वास आणि सांडपाणी हा तिथला जुना प्रश्न आहे. घर कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून येतो, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारावं.

कर्जत हे तालुक्याचं ठिकाण आहे. नगरपरिषद, तहसील कचेरी, उपजिल्हा रुग्णालय तिथे आहे. नेरळची बाजारपेठ मोठी, माथेरानची छोटी गाडी इथूनच निघते, पण कारभार ग्रामपंचायतीचा. वांगणी, वासिंद, बोईसर इथेही ग्रामपंचायतच. आसनगाव हे शहापूरचं स्टेशन, आणि शहापूरला नगरपंचायत व उपजिल्हा रुग्णालय आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्यामुळे सरकारी कामं तिथेच होतात.

गाडीचा हिशोब

कर्जत किंवा आसनगावहून सीएसएमटीला जायला दोन तासांच्या आसपास लागतात. घरातून स्टेशन आणि स्टेशनातून कामाची जागा हे त्यात नाही. नुसते गाडीतले तास धरले तरी रोजचे चार, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०० तास. एवढा वेळ घरच्यांपासून लांब जातो.

रेल्वेचा पास स्वस्त आहे हे खरं. खर्च वाढतो तो स्टेशनाबाहेर. समजा स्टेशनापासून घरापर्यंत शेअर रिक्षाला एका वेळेचे २० रुपये पडले, तर एका माणसाचे महिन्याला १,००० रुपये होतात. घरातली दोन माणसं जात-येत असतील तर २,०००. दुचाकी घेतली तर पेट्रोल आणि स्टेशनाबाहेरचं पार्किंग आलं. म्हणून 'स्टेशनापासून पाच मिनिटं' असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर ते अंतर एकदा पायी चालून बघा, तेही रात्री.

कल्याणच्या पुढे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या बऱ्याच भागात त्याच रुळांवरून धावतात. विरारच्या पुढेही तसंच. एक मेल-एक्सप्रेस रखडली की लोकल बाजूला थांबते. बदलापूर आणि टिटवाळ्याच्या पुढे गाड्याही कमी होतात. एक चुकली तर दुसरीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. घर बघायला जाताना सोबत वेळापत्रक ठेवा आणि चार गोष्टी लिहून काढा: सकाळची पहिली गाडी, कामावर वेळेत पोचवणारी गाडी, ती चुकली तर पुढची, आणि रात्रीची शेवटची.

गर्दीही बघून ठेवा. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, त्यात किमान चार जणांचा जीव गेला. दारात लटकणारे हे प्रवासी हौसेने लटकत नव्हते, कामाची वेळ गाठत होते. घर घेण्याआधी एकदा सोमवारी सकाळी त्याच गाडीने कामावर जाऊन बघावं. रविवारी दुपारच्या रिकाम्या गाडीत काही कळत नाही.

पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किमीचा लोकल मार्ग, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन, विरार-डहाणू चौपदरीकरण अशी कामं हाती घेतलेली आहेत. बिल्डर ती नावं घेऊन दर वाढवून सांगतात. नवी लाईन झाली तर चांगलंच आहे. पण आज ज्या गाड्या धावतात त्यांवर आपलं भागत असेल तरच घर घ्यावं.

मे महिन्यात पाणी, जुलैत पूर

भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुका आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांत आहेत. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर लागतात. कर्जत तालुक्यातल्या वाड्यांचीही तीच गत. त्यामुळे 'धरण जवळ आहे, पाण्याची काळजी नाही' असं कुणी म्हटलं तर त्यावर जाऊ नका.

ग्रामपंचायतीची नळयोजना गावाची लोकसंख्या धरून आखलेली असते. जलजीवन मिशनचं मापच माणशी रोज ५५ लिटर आहे. अशा गावात एकदम दोन-तीनशे फ्लॅट झाले की तीच टाकी दोघांत वाटली जाते. मग इमारतवाले बोअर मारतात, मे महिन्यात बोअर आटते आणि शेजारच्या विहिरीचंही पाणी खाली जातं. भांडणं इथूनच सुरू होतात. इमारतीत आधीपासून राहणाऱ्यांना सरळ विचारा: नळ कुणाचा, पाणी दिवसाआड की रोज, मेमध्ये टँकर किती आले, त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये की वेगळे.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर याच पट्ट्यातून वाहते. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूरचा सखल भाग बुडाला होता. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी त्यांना चहा-खाणं दिलं. पूररेषेत निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घराची जागा या रेषांच्या आत आहे का, हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावरून कळतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं होतं तेही दाखवेल. भाताच्या खाचरात भराव टाकून उभ्या केलेल्या इमारतीबद्दल हे जरूर विचारा.

कागद कुठले बघायचे

फ्लॅट घेताना:

- प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर महारेराची नोंदणी लागते. नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासा.
- नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.
- दर कार्पेट क्षेत्रावर ठरवा. बिल्टअप, सुपर बिल्टअपच्या आकड्यात घर मोठं वाटतं.
- जमीन बिगरशेती आहे का, बांधकाम परवानगी कुणाची आणि किती मजल्यांची, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का, हे बघा. गावठाणाबाहेरच्या बहुमजली इमारतीला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरत नाही. जिल्हाधिकारी किंवा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते.
- घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. लाईटबिलही नाही.

प्लॉट घेताना जास्त जपावं लागतं. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्यालाच घेता येते. आदिवासींची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही, आणि कर्जत, शहापूर, पालघर, डहाणू भागात अशा जमिनी भरपूर आहेत. सातबाऱ्यावरच्या इतर हक्काचा रकाना आणि जुने फेरफार काढून वाचा. नोटरी केलेल्या शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर जमीन नावावर होत नाही. एक-दोन गुंठ्याचे असे व्यवहार करून पैसे घालवलेले लोक दर तालुक्यात सापडतील. माथेरानच्या पायथ्याचा काही भाग आणि अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथे बांधकामावर जादा बंधनं आहेत.

शेजार कसा आहे

घर स्वस्त मिळालं आणि अडीनडीला दार वाजवायला कुणी नसलं, तर लांब राहणं फार जड जातं. नवरा-बायको दोघं पहाटे निघून रात्री परतणार असतील तर मुलं दिवसभर शेजारावर असतात. म्हणून गावाची माणसं बघणं हेही कागद बघण्याइतकंच गरजेचं आहे.

वांगणीचं उदाहरण घ्या. लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरणारी बरीच दृष्टिहीन कुटुंबं इथे राहतात, कारण भाडं परवडतं आणि गाडी मिळते. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्टेशनात एका दृष्टिहीन आईचा मुलगा रुळावर पडला. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर ढकललं. पुढे मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या माय-लेकराला दिली. गाडीतली भजनी मंडळं, डब्यातला ठरलेला ग्रुप, एकमेकांसाठी धरलेली जागा, हाही या लाईनवरचा शेजारच आहे.

गावकऱ्यांच्या बाजूनेही बघायला हवं. जमीन विकणाऱ्याला पैसे मिळतात, पण कचरा, गटार, पाणी याचा भार सगळ्या गावावर येतो. नव्या इमारतीतले लोक ग्रामपंचायतीकडे फक्त तक्रार घेऊन येतात, असं जुनी मंडळी म्हणतात. बाहेरचे म्हणून आम्हाला कुणी विचारत नाही, असं नवे म्हणतात. यावर ग्रामसभा हा सरळ मार्ग आहे. मतदार यादीत नाव आलं की नवा रहिवासीही ग्रामसभेचा सभासद होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास बहुतेक ठिकाणी सभा होते. घर बघायला गेलेला माणूसही तिथे मागे बसून ऐकू शकतो. गावात पाण्यावरून काय चाललंय, कचरा कुठे जातो, शाळेत शिक्षक किती, हे तासाभरात कळतं.

जिल्हा परिषदेची शाळा, जवळचं हायस्कूल आणि रात्री उघडा असणारा दवाखाना स्वतः जाऊन बघा. मोठ्या आजाराला कर्जत-कसारा लाईनवरच्या माणसाला पुष्कळदा उल्हासनगर, कळवा किंवा मुंबईच गाठावी लागते. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर हा मुद्दा सगळ्यात आधी.

आधी भाड्याने राहा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे त्याच गावात ११ महिने भाड्याने राहून बघणं. त्यात एक मे आणि एक जुलै आला पाहिजे. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे, ती करूनच घ्या. एवढ्या काळात गाडी झेपते का, पाणी पुरतं का, मुलं रुळतात का, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. नाही जमलं तर सामान उचलून परत जाता येतं. २० वर्षांचं कर्ज डोक्यावर असलं की तसं परत फिरता येत नाही.

जाताना सोबत ठेवायची यादी

- सोमवारी सकाळी कामाच्या गाडीने प्रवास करून बघितला का?
- मे महिन्यातल्या पाण्याबद्दल किमान तीन रहिवाशांना विचारलं का?
- पूररेषा आणि २००५, २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते कळलं का?
- महारेरा नंबर, बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा वकिलाला दाखवला का?
- रिक्षा, टँकर, मेन्टेनन्स धरून महिन्याचा खर्च मुंबईच्या भाड्याशी ताडून बघितला का?
- शाळा, दवाखाना आणि शेजार स्वतः जाऊन बघितला का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर बयाणा देऊ नका.