सामुदायिक नभोवाणी आणि ग्रामीण स्त्रियांची उपजीविका : माणदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला आणि त्यातूनच पुढे उल्हासनगर उभे राहिले. सर्वस्व गमावून आलेल्या अनेक कुटुंबांतील स्त्रियांनी घरी पापड लाटून संसार सावरले. आज याच परिसरात तयार जीन्सचे धागे कापण्याचे काम स्त्रिया घरबसल्या करतात. मात्र हे श्रम कारखान्याच्या हजेरीपटावर दिसत नाहीत. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरचा आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती त्यांचा कागदोपत्री पुरावा फारसा लागत नाही. स्त्रियांच्या अशा उपजीविकेची नोंद कोणी व कोणत्या माध्यमातून ठेवावी, हा इतिहासलेखनापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या अनुषंगाने सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील सामुदायिक नभोवाणीच्या प्रयोगाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जात्यापासून नभोवाणीपर्यंत

महाराष्ट्रातील श्रमिक स्त्रीचे सर्वांत जुने माध्यम म्हणजे जात्यावरची ओवी होय. माहेर, सासुरवास, पीकपाणी, उपासमार या सर्व विषयांची देवघेव ओवीतून होत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पीठगिरणी आल्यावर दळणाचे कष्ट कमी झाले हे स्वागतार्हच होते. परंतु त्याबरोबर स्त्रियांचे एकत्र बसून बोलण्याचे ठिकाणही गेले.

नभोवाणी ही जागा भरून काढू शकली असती. १९५६ साली युनेस्कोच्या सहकार्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकी नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. त्यासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर व उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली होती. गावकऱ्यांनी एकत्र कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी त्याची पद्धत होती. विकासासाठी नभोवाणीचा वापर कसा करावा याचे उदाहरण म्हणून या प्रयोगाची दखल भारताबाहेरही घेतली गेली. मात्र मंडळांची रचना मुख्यतः पुरुष शेतकऱ्यांभोवती होती आणि कार्यक्रम शहरात तयार होत असे. गाव ऐकत होते. ध्वनिक्षेपक गावाच्या हाती नव्हता.

कायदेशीर पार्श्वभूमी

ही स्थिती बदलण्यास १९९५ हे वर्ष कारणीभूत ठरले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर जनहितासाठी व्हावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी फेब्रुवारीत दिला. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणाने बिगर-सरकारी संस्थांनाही केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट या धोरणात होती. बातम्या देण्यास मात्र मनाई होती आणि जाहिरातींना तासाला केवळ पाच मिनिटे दिली होती.

या धोरणाची फळे लवकरच दिसू लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, माचनूर येथे, दलित शेतकरी स्त्रियांनी चालविलेले 'संघम रेडिओ' सुरू झाले. जगातही असे प्रयत्न चालू होते. फिलिपिन्सच्या दूरवरच्या बेटांवर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी युनेस्कोच्या साहाय्याने 'तांबुली' प्रकल्प उभा राहिला. गावकऱ्यांना एकत्र बोलावण्यासाठी फुंकल्या जाणाऱ्या शिंगाचे नाव त्याला दिले होते. आपल्याकडील दवंडीशी त्याचे नाते सहज लक्षात येते.

माणदेश : बँक आणि 'तरंग'

माण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. मेंढपाळांची हंगामी भटकंती आणि पुरुषांचे मुंबईकडे स्थलांतर हे येथील जुने वास्तव आहे. पुरुष बाहेर गेल्यावर शेळ्यामेंढ्या, कोरडवाहू तुकडा आणि आठवड्याचा बाजार स्त्रियांनाच सांभाळावा लागतो.

जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला सिन्हा या १९८० च्या दशकात विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. पावसाळ्यापूर्वी छपरावर टाकायला प्लास्टिक घेता यावे, म्हणून रोज थोडी बचत करू पाहणाऱ्या एका कष्टकरी स्त्रीला बँकेने खाते नाकारले. रक्कम फार लहान असल्याचे कारण तिला सांगण्यात आले. यातून स्त्रियांच्या स्वतंत्र बँकेची कल्पना पुढे आली. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नसल्याने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी साक्षरता वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे जाहीर केली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे 'उद्योगिनी' हा व्यवसाय-प्रशिक्षणाचा उपक्रम आणि २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' हे ९०.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र आले.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम बचत, मग कौशल्य आणि नंतर माध्यम, असा हा प्रवास आहे. परवान्याच्या वेळी अक्षर येत नाही हे अपात्रतेचे कारण ठरले होते. नभोवाणीच्या केंद्रावर बोलण्यासाठी अक्षराची अट नसते. जी स्त्री तोंडी हिशेब करू शकत होती, तिला तोंडीच आपले म्हणणे मांडता येऊ लागले.

माध्यम आणि उपजीविका यांचे नाते २०१२-१३ च्या दुष्काळात अधिक स्पष्ट झाले. एक सभासद स्त्री दागिने गहाण ठेवून जनावरांसाठी चारा घेण्याकरिता बँकेत आली. कर्ज मिळाले तरी चारा आणि पाणी आहे कोठे, हा खरा प्रश्न तिच्यामुळे समोर आला आणि म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. छावणीत गाणी म्हणणारी हीच स्त्री पुढे नभोवाणीवर कार्यक्रम सादर करू लागली. जात्याबरोबर हरवलेला आवाज येथे ध्वनिक्षेपकावर परत आल्याचे दिसते.

मर्यादा

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

१) अल्प शक्तीच्या प्रक्षेपकामुळे केंद्राचा आवाज काही किलोमीटरच्या परिघातच पोहोचतो. स्थलांतर करून गेलेले श्रोते त्याबाहेर राहतात.

२) बातम्यांवरील बंधनामुळे टँकर का आला नाही, यासारखा रोजच्या जगण्याचा प्रश्नही सावधपणे मांडावा लागतो.

३) जाहिरातीचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने केंद्राला मातृसंस्थेवर वा देणगीवर विसंबून राहावे लागते. ज्या गावांत अशी बळकट संस्था नाही, तेथे परवाना मिळूनही केंद्र टिकणे अवघड जाते.

४) प्रसारित झालेला शब्द जतन केला नाही तर तो हवेत विरतो. इतिहासाच्या दृष्टीने ही सर्वांत गंभीर मर्यादा होय.

निष्कर्ष

माणदेशाच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की, माध्यमामुळे आपोआप रोजगार निर्माण होत नाही. परंतु उपजीविकेची संघटना आधीपासून असेल तर माध्यम तिला बळ देते. १९५६ च्या प्रयोगात संघटित श्रोते होते. म्हसवडमध्ये त्यांतील स्त्रियाच वक्त्या झाल्या. हा फरक केवळ तंत्रज्ञानाने घडलेला नाही. त्यामागे बचत, साक्षरता आणि संघटन यांची किमान दहा वर्षांची मेहनत होती.

आपल्या परिसरातील महाविद्यालयांनाही या अनुभवातून बोध घेता येईल. शैक्षणिक संस्थांना नभोवाणी केंद्राची वाट २००२ पासून खुली आहे. ते लगेच शक्य नसले तरी विद्यार्थ्यांकरवी पापड लाटणाऱ्या, धागे कापणाऱ्या आणि लोकलच्या महिला डब्यात वस्तू विकणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात जतन करणे निश्चितच शक्य आहे. छावण्यांच्या काळात पापड लाटून घर उभे करणारी पिढी झपाट्याने काळाच्या पडद्याआड जात आहे. तिचे शब्द आज नोंदविले नाहीत, तर उद्याच्या संशोधकाला या शहरांचा निम्मा इतिहास अनुमानानेच लिहावा लागेल.